सतरावं कलम

भंडारा
८ जुलै २०२४

प्रिय देवानंद,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र काल मिळालं. पायल नववीच्या पहिल्याच चाचणीत तीन विषयांत नापास झाली. तिच्या वर्गशिक्षिका गीता मॅडमनी वहीवर लाल शाईने ‘लापरवाह’ असं लिहून पाठवलं. आणि प्रिंसिपल साहेबांनी तुला बोलावून काय सांगितलं, तर दहावीचा निकाल खराब होईल, मुलीसाठी दुसरी शाळा बघा. वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. शाळा म्हणजे काय दुकान आहे, की खराब निघालेला माल बदलून घ्यावा? शाळा सोडायची नाही. लखनौच्या त्या अलीगंजमध्ये दहा शाळा असतील, तरी पायल याच शाळेत शिकेल.

पण मुलीलाही मोकळी सोडू नकोस. तुला मी कसं वळणावर आणलं ते आठव. आई विड्या वळायला जायची आणि तू माझ्या ताब्यात असायचास. चौथीत गेलास तरी तुला धड एक धडा वाचता येत नव्हता. मी तेव्हा डी.एड.ला होते. रोज पहाटे एक पान मी मोठ्याने वाचायचे, मग तू वाचायचास, मग तेच दहा वेळा लिहायचास. चुकलास की पट्टी. दोन वर्षांत तू धडेच्या धडे न अडखळता म्हणायला लागलास. आज तुझी पत्रं बघ, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. अध्यापक विद्यालयात मी एकतीस वर्षं भावी शिक्षकांना तुझंच उदाहरण दिलं. मूल मठ्ठ नसतं, शिक्षक ढिला असतो, हे मी त्यांना तुझ्यावरून शिकवलं.

आपल्या घरात वाचता न येणारं शेवटचं माणूस आई होती. तिच्यानंतर दुसरं व्हायला नको. उद्यापासून पायलकडून रोज एक पान, दहा वेळा.

फोन करू नकोस. कानातलं मशीन लावलं की मला फक्त शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. आणि मोबाईलवर टाइप करायला बसले तर माझा राग त्या एवढ्याशा खिडकीत मावत नाही. पत्रच लिही.

तुझी,
सुनीतीताई


लखनौ
१९ जुलै २०२४

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तू सांगितलेलं सुरू केलं आणि आठ दिवसांत बंद केलं. पायल एक पान उतरवायला दोन तास घ्यायची. दहाव्यांदा लिहितानाही पहिल्यांदा लिहिल्यासारखंच अडायची. शेवटी पेन ठेवून म्हणाली, “पापा, दस बार में नहीं आया तो ग्यारहवीं बार में आ जाएगा क्या?” मी तिची वही मिटवून ठेवली.

ती आळशी नाही, ताई. वर्गात ऐकलेला फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा तिने मला भांडी पुसता पुसता पूर्ण सांगितला, सनांसकट. तोच धडा पुस्तकातून वाच म्हटलं, तर चौथ्या ओळीला पुस्तक मिटलं आणि पाणी प्यायला उठली.

शाळेत महिन्यातून दोनदा मनीषा मॅडम म्हणून विशेष शिक्षिका येतात. त्यांनी पायलला तासभर बसवून पाहिलं. त्यांना डिस्लेक्सियाचा संशय आहे. बुद्धी चांगली असते, पण अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी डोक्यात पटकन जुळत नाही, असं त्या म्हणाल्या. सरकारी रुग्णालयात तपासणी होते, प्रमाणपत्र मिळतं. मग बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ मिळतो, लिहायला लेखनिक मिळतो, एका भाषेतून सूट मिळते. पण बोर्डाची नोंदणी नववीतच होते. शाळेला ३० सप्टेंबरच्या आत निदान तपासणीच्या अर्जाची पावती तरी हवी.

मी नाही म्हणून सांगितलं आहे.

तू रागावशील, पण ऐक. अमौसीला विमानतळावर मी धावपट्टीच्या दिव्यांच्या देखभालीत आहे. चोवीस वर्षं झाली. अजूनही चहाच्या वेळी कोणी ना कोणी म्हणतोच, “देवानंद बाबू, आप लोगों के लिए तो दरवाज़ा पहले से खुला रहता है.” मी हसून सोडतो. उद्या मुलीचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलं, तर म्हणतील, “अब बेटी के लिए खिड़की भी खुलवा ली?” एक शिक्का आम्ही जन्मापासून वागवतो आहोत. दुसरा मी माझ्या हाताने तिच्या कपाळावर मारणार नाही. ती कमी मार्कांनी पास झाली तरी चालेल. नापास झाली तर आयटीआय आहेच. मी नाही का शिकलो?

चंदाला हे पटत नाही, आई आहे ना ती पायलची. ती तुला नमस्कार सांगते.

तुझा,
देवानंद


भंडारा
३० जुलै २०२४

प्रिय देवानंद,
सप्रेम जयभीम.

एक पान दहा वेळा लिहिण्याचा हुकूम मी मागे घेते. मी चुकले.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी अध्यापक विद्यालयात गेले. मी निवृत्त झाले तरी ग्रंथपाल अजून मला घाबरतो. कपाटातून माझ्याच टाचणांच्या वह्या काढल्या. एकतीस वर्षांच्या टाचणांत डिस्लेक्सियाला मी दिलेली जागा किती? साडेचार ओळी. व्याख्या, दोन लक्षणं, आणि खाली कंस करून लिहिलंय, ‘परीक्षेला येत नाही’. माझं अक्षर आहे ते. नंतर कायदा बदलला, अभ्यासक्रम बदलला, मी वही बदलली नाही.

आता कायदा वाचला. पाठ होईपर्यंत वाचला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. कलम सोळा सांगतं, मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलांची अडचण लवकरात लवकर ओळखायची आणि त्यानुसार शिकवण्यात बदल करायचा. कलम सतरा सांगतं, त्यासाठी माणसं प्रशिक्षित करायची आणि परीक्षेत वेळ, लेखनिक, भाषेची सूट द्यायची. शिक्षण हक्क कायद्यालाही सतरावं कलम आहे. ते सांगतं, मुलाला मारायचं नाही, मनाने छळायचं नाही. वहीवर ‘लापरवाह’ लिहून चाळीस मुलींसमोर परत देणं हे छळणं नाही तर काय?

आता तुझ्या शिक्क्याबद्दल. देवानंद, हक्क मागायची लाज आपल्याला कधीपासून वाटायला लागली? चहाच्या टपरीवर कोण काय बोलतो, त्यावर आपण आपली मुलं वाढवायची? ज्या दरवाज्याबद्दल तो माणूस बोलतो, तो आपल्यासाठी कोणी उघडा ठेवला नव्हता. आपल्या आज्यांनी पणज्यांनी तो डोक्याने धडका देऊन उघडला. तू पायलसाठी तो आतून बंद करतो आहेस. तिला जास्तीचा वेळ मिळाला तर कोणाचा वेळ कमी होतो ते मला सांग. चष्मा लावणाऱ्या मुलीला आपण कधी सवलत घेतली म्हणतो का?

आणि स्वतःचं उदाहरण देऊ नकोस. तुझी गोष्ट वेगळी होती. तू वाचू शकत होतास, फक्त कामचुकार होतास.

प्रिंसिपल साहेबांच्या नावे हिंदीत अर्ज सोबत जोडला आहे. कलमं ठळक केली आहेत. चंदाने तो नेऊन द्यावा आणि पोच घ्यावी. सर्व शिक्षकांच्या प्रशिक्षणाची मागणी त्यात आहे. शेवटी मी लिहिलंय की अर्जदाराची नणंद स्वतः एकतीस वर्षं शिक्षकांना शिकवत होती आणि तिने हे शिकवलं नाही. ती ओळ कापू नका.

तपासणीचा अर्ज मात्र तू भरायचास. वाट बघते.

तुझी,
ताई


लखनौ
१४ ऑगस्ट २०२४

आदरणीय ताई,
सप्रेम जयभीम.

हे पत्र माझं आहे. यांना माहीत नाही. तुम्ही अक्षर ओळखालच, कारण गेली एकवीस वर्षं तुम्हाला येणारं प्रत्येक पत्र याच अक्षरात आहे.

आधी शाळेचं सांगते. अर्ज दिला. प्रिंसिपल साहेबांनी पहिलं पान बसून वाचलं, दुसरं उभं राहून. मग पाणी मागवलं, माझ्यासाठीही. दसऱ्याच्या सुट्टीत सगळ्या शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवतो असं त्यांनी लिहून दिलं. मनीषा मॅडम घेतील. बाहेर व्हरांड्यात गीता मॅडम भेटल्या. मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्या म्हणाल्या, “भाभी जी, बी.एड. में एक पेज था. याद किया, लिखा, भूल गए. किसी ने सिखाया ही नहीं कि ऐसा बच्चा सामने बैठा हो तो करना क्या है.” त्यांचे डोळे भरले होते. मी न भांडताच निघाले.

आता घरचं. फॉर्मवर सही मीही करू शकते. पण पायल माझ्यासोबत यायला तयार नाही. म्हणते, “पापा को मुझसे शर्म आती है. मुझे नहीं जाना.” हे ती रडून म्हणत नाही, ताई, सरळ म्हणते. रडली असती तर बरं वाटलं असतं.

शिक्क्याची गोष्ट खोटी नाही. पण ती अर्धी आहे. उरलेली मी सांगते. यांना वाचता येत नाही. म्हणजे अगदीच येत नाही असं नाही. दुकानाची पाटी, औषधाचं नाव, तारखा जमतात. सबंध पान जमत नाही. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मला कळलं. तुमचं पत्र यायचं, ते मी मोठ्याने वाचायचे. हे येरझारा घालत उत्तर सांगायचे आणि मी लिहायचे. मला वाटलं, नवीन नवरा आहे, लाडात येतोय. एकदा मी माहेरी होते, तर तुमची दोन पत्रं तशीच बंद पडून होती.

तुम्ही पहाटे धडा मोठ्याने वाचायचात ना, तो ऐकून ते पाठ करायचे. पुस्तकावर नजर ठेवून पाठ म्हणायचे. दहावी तशीच झाली. कामावर त्यांच्याइतकं तारांचं कोणाला कळत नाही, सगळा नकाशा डोक्यात आहे. पण बढतीची लेखी परीक्षा तीन वेळा आली आणि तीन वेळा यांनी सांगितलं, जास्त जबाबदारी नको. साहेबांना वाटतं, माणूस संतोषी आहे.

पायलच्या तपासणीला गेलो तर आपलंही उघडं पडेल, ही भीती आहे. मला म्हणाले, “ताईला कळलं तर ती मरेल.” तुम्ही मराल असं मला वाटत नाही, म्हणून लिहिलं. पण मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका.

आपली,
चंदा


भंडारा
२ सप्टेंबर २०२४
(फोनवरून पाठवलेलं, बोलून सांगितलेलं पत्र)

देवानंद, जयभीम.

हे पत्र मी लिहिलेलं नाही. शेजारची नयना कॉलेजातून आली की माझ्यासमोर फोन धरते आणि मी बोलते. मला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही. फार मोठ्याने बोलत असेन तर फोन लांब धर. एकटा असशील तेव्हा ऐक. मध्ये कोणी नको. मला ऐकू येत नाही आणि तुला वाचता येत नाही, म्हणून इतकी वर्षं आपण दोघं चंदाच्या आडून बोललो.

हो, तिने मला सांगितलं. तुला कळू देऊ नका म्हणाली होती. मी तिचा शब्द मोडते आहे. त्याबद्दल माझ्यावर राग, तिच्यावर नाही.

तिचं पत्र आलं त्याला पंधरा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसले आणि रोज फाडलं. सभेत उभी राहिले की मला शब्द शोधावे लागत नाहीत, हे तुला माहीत आहे. या पंधरा दिवसांत एक शब्द सापडला नाही.

मागच्या पत्रात मी दोन कायद्यांचं सतरावं कलम मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. एक म्हणतं, मुलाला मारू नका. दुसरं म्हणतं, शिक्षकाला शिकवा. मी दोन्हीत आरोपी आहे. तुला मारलं तेव्हा हे कायदे नव्हते, पण तुझा हात होता आणि तो मला दिसत होता. पट्टी पडायच्या आधीच तू हात पुढे करायचास. त्याला मी शिस्त म्हणाले. घाबरलेलं पोर होतं ते, नऊ वर्षांचं.

आणि मग तेच मी शिकवलं. वर्षाला पन्नास, अशी एकतीस वर्षं. दीड हजारांहून जास्त शिक्षक माझ्या हाताखालून गेले. प्रत्येकाच्या वर्गात तुझ्यासारखं एखादं पोर बसलं असेल, पायलसारखी एखादी पोर बसली असेल. त्यांच्यापर्यंत माझी पट्टी पोचली. ती मला परत आणता येत नाही.

मी माफ कर म्हणत नाही. ते तुझ्या मर्जीवर आहे. मी कबूल करते, एवढंच. शनिवारी अध्यापक विद्यालयात जाऊन परवानगी मागितली आणि वर्गात उभी राहिले. तुझी तीच गोष्ट सांगितली, या वेळी खरी. तुझं नाव घेतलं नाही. एका मुलाने विचारलं, बाई, मग त्या मुलाचं काय झालं? मी सांगितलं, तो विमानं उतरवणारे दिवे सांभाळतो, आणि ते त्याने आमच्याशिवाय केलं.

तू हुशार होतास, देवानंद. कानांनी सगळं पुस्तक उचलायचास. मी ते पाहिलं आणि ओळखलं नाही.

आता पायल. तिला वाटतं, बापाला तिची लाज वाटते. हे मी खोडू शकत नाही, चंदा खोडू शकत नाही, मनीषा मॅडमही नाही. खरं काय ते फक्त तुझ्याकडे आहे. तारीख जवळ येते आहे. मी तुला आता काही करायला सांगत नाही. तुला सांगायचा माझा हक्क संपला.

बस्स. नयना, बंद कर.


लखनौ
२३ सप्टेंबर २०२४

ताई,
जयभीम.

हे मी लिहितो आहे. चंदाला दाखवलेलं नाही. पाच दिवस लागले. वाचायला तुलाही वेळ लागेल.

तुझं बोलणं मी अमौसीच्या स्कूटर स्टँडवर ऐकलं. हेल्मेट न काढता. तीन वेळा.

पट्टी आठवते. पण दुसरी गोष्ट जास्त आठवते. उन्हाळ्यात गावी आलो की तुझे विद्यार्थी भेटायचे. मोठी माणसं, मास्तर झालेली. हात जोडून म्हणायचे, “तेच का तुम्ही, बाईंचे देवानंद?” मग मी खरं कसं सांगणार होतो? तुला किती आनंद व्हायचा. माफ केलं असं मी लिहीत नाही. अजून नाही. तू माफी मागितली नाहीस ते बरं केलंस.

गेल्या बुधवारी रुग्णालयात गेलो. चंदाला म्हटलं, तू नको येऊ. पायल स्कूटरवर मागे बसली, पण मला न धरता.

खिडकीवरच्या बाईंनी चार पानांचा फॉर्म दिला. हिंदी, बारीक अक्षर. मी म्हटलं, घरून भरून आणतो. त्या म्हणाल्या, “यहीं भरिए, आज ही जमा होगा. पढ़े-लिखे आदमी हैं, दस मिनट का काम है.”

मागे वीस-बावीस माणसं होती. मी म्हटलं, “मैडम, मुझसे नहीं भरा जाएगा. मैं ठीक से पढ़ नहीं पाता.”

ताई, मी हे आयुष्यात पहिल्यांदा बोललो. काही झालं नाही. मागचा एक म्हातारा खोकला, तेवढंच.

पायल माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “आप भी?”

मी म्हटलं, “हाँ. बचपन से.”

“तो मुझसे शर्म नहीं आती थी?”

“तुझसे नहीं, बेटा. अपने से.”

तिने माझ्या हातातून फॉर्म घेतला. “लाइए. दोनों मिलके भरते हैं.” बाकावर बसलो. एक शब्द ती जुळवायची, एक मी. ‘जन्म के समय’ मी लावलं. ‘विद्यालय में व्यवहार’ तिने. एक ओळ दोघांनाही येईना, तेव्हा त्या म्हाताऱ्याने वाचून दिली. आम्ही दोनदा हसलो. पायल माझ्यासोबत किती दिवसांनी हसली ते मला सांगता येणार नाही.

तिसऱ्या पानावर प्रश्न होता. पायलने बोट ठेवून हळूहळू वाचला. परिवार में किसी और को पढ़ने-लिखने में ऐसी कठिनाई है? हाँ तो किसे? मग ती थांबली. पेन तिच्या हातात होतं. ते मी घेतलं. लिहिलं, पिता को. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. दोन्ही वेळा खोडावं लागलं नाही.

सव्वा तासाने खिडकीवर गेलो. बाई पानं उलटत गेल्या. तिसऱ्या पानावर थांबल्या आणि फॉर्म डोळ्यांजवळ नेला. “ये किसने लिखा है? पढ़ा नहीं जा रहा.”

मी पुढे होणार होतो. पायल आधी बोलली.

“मेरे पापा ने लिखा है. ज़रा वक़्त लेकर पढ़िए.”

बाईंनी चष्मा सारखा केला. वेळ घेतला आणि वाचलं. मग पावती फाडून तिच्या हातात दिली.

देवानंद